जिवंत मत्स्यखाद्यातील जलकृमींची ओळख : प्रचलित मांडणीची चिकित्सा

सारांश

शोभिवंत माशांच्या संगोपनात आणि मत्स्यबीज केंद्रांत जिवंत खाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या लहान जलकृमींना सर्रास ‘ट्यूबिफेक्स’ ह्या एकाच नावाने ओळखले जाते. पदवी स्तरावरील प्रात्यक्षिक पुस्तिका व मत्स्यसंवर्धनविषयक मार्गदर्शक पुस्तिका यांतील मांडणीही हेच नाव तपासणीविना पुढे नेताना दिसते. प्रस्तुत लेखात ह्या मांडणीतील तीन दोषांची चर्चा केली आहे : व्यापारी नाव व शास्त्रीय नाव यांची सरमिसळ, रंगाला ओळखखूण मानण्याची सवय, आणि ‘कृमी’ व ‘अळी’ ह्या मराठीत आधीच असलेल्या भेदाकडे झालेले दुर्लक्ष. उपलब्ध वर्गीकरणग्रंथांच्या आधारे महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शक्य असलेली पर्यायी मांडणीही शेवटी सुचविली आहे.

बीजशब्द : जलकृमी, जिवंत मत्स्यखाद्य, ट्यूबिफेक्स, लिम्नोड्रिलस, दृढरोम, वर्गीकरण, प्रात्यक्षिक अध्यापन

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवीच्या अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेत मत्स्यखाद्याचा नमुना म्हणून एका पेट्री डिशमध्ये लाल, केसासारखे बारीक कृमी ठेवले होते. नमुना मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला होता. उत्तरसूचीत ‘ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स’ असे लिहिलेले होते आणि बहुतेक विद्यार्थ्यांनी तेच उत्तर दिले. एका विद्यार्थिनीने मात्र बाजूच्या सूक्ष्मदर्शीखाली एक कृमी ठेवून पाहिला आणि उत्तरपत्रिकेत लिहिले, की पाठीकडील दृढरोमांच्या जुडग्यांत लांब केस दिसत नाहीत, म्हणून हा लिम्नोड्रिलस असावा. प्रस्तुत लेखिकेने उत्तरसूचीशी ताडून तिचे गुण कापले. ‘असावा’ ह्या शब्दाखाली लाल रेघही ओढली. पुढे त्याच बरणीतील उरलेले कृमी निवांतपणे तपासले तेव्हा तिने नोंदविलेले निरीक्षण बरोबर असल्याचे आढळले. तोपर्यंत गुणयादी पाठविली गेली होती.

ही चूक केवळ एका परीक्षकाच्या घाईची नव्हती. उत्तरसूची ज्या पुस्तिकेवरून केली होती त्या पुस्तिकेत, आणि ती पुस्तिका ज्या पुस्तकांवरून केली होती त्या पुस्तकांतही, जिवंत खाद्याच्या प्रकरणात तेच एक नाव होते. पाहिलेले लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला कमी गुण आणि पाठ केलेले लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण, असा निकाल देणारी मांडणी शास्त्र शिकवीत आहे असे म्हणता येणार नाही. म्हणूनच ह्या मांडणीची चिकित्सा आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जिवंत मत्स्यखाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या लहान जलकृमींच्या नामनिर्देशनातील गोंधळाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) प्रचलित पाठ्यमांडणीतील ओळखखुणांची शास्त्रीय कसोटीवर पारख करणे.
३) अचूक ओळखीची व्यावहारिक गरज कोणत्या ठिकाणी आहे व कोणत्या ठिकाणी नाही, ह्याचा विचार करणे.
४) महाविद्यालयीन प्रयोगशाळेस परवडणारी पर्यायी पद्धत सुचविणे.

हा लेख सर्वेक्षणावर आधारित नाही. कोणत्याही एका पुस्तकाचे किंवा लेखकाचे दोषदर्शन करणे हाही त्याचा हेतू नाही. वर्षानुवर्षे एकमेकांवरून उतरवीत आलेल्या मांडणीच्या प्रकाराचा येथे विचार केला आहे. कृमींच्या संवर्धनाची कृती सांगणे हा लेखाचा विषय नसल्याने तिचा उल्लेख ओळखीच्या संदर्भात आवश्यक तेवढाच येईल.

३. एक नाव, अनेक प्राणी

दुकानात ‘वर्म्स’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूंत प्रत्यक्षात प्राणिसृष्टीच्या तीन वेगवेगळ्या संघांतील प्राणी असतात. ट्यूबिफेक्स, लिम्नोड्रिलस, ब्रँकिउरा, डेरो, तसेच ‘व्हाइट वर्म’ व ‘ग्रिंडल वर्म’ म्हणून ओळखले जाणारे एन्किट्रिअस हे सर्व वलयी संघातील, म्हणजे गांडुळाचे नातलग होत. ‘मायक्रोवर्म’ म्हणजे पॅनाग्रेलस रेडिविव्हस आणि ‘व्हिनेगर ईल’ म्हणजे टर्बाट्रिक्स ॲसेटाय हे गोलकृमी संघातील होत. ‘ब्लडवर्म’ तर कृमीच नाही. ती कायरोनोमस ह्या डासासारख्या दिसणाऱ्या, परंतु न चावणाऱ्या कीटकाची अळी आहे, म्हणजे संधिपाद संघातील प्राणी आहे. ‘ब्लडवर्म’ हे नाव गळाला आमिष म्हणून लावल्या जाणाऱ्या ग्लायसेरा ह्या समुद्री वलयी प्राण्यालाही इंग्रजीत दिले जाते, त्यामुळे परदेशी पुस्तकांतून माहिती घेताना गोंधळात आणखी भर पडते.

येथे भाषेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्रजीतील ‘वर्म’ हा शब्द गांडूळ, जंत, अळी ह्या सर्वांना कवेत घेतो. मराठीची स्थिती तशी नाही. पुढे पंख फुटून उडून जाणारी ती अळी, पोटात होतात ते जंत, जमिनीत राहते ते गांडूळ (त्यालाच काही भागांत दानवे, काही भागांत काडू म्हणतात), रक्त शोषते ती जळू, हे भेद शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. कपाशीवरील बोंडअळीला कोणी गांडूळ म्हणत नाही. असे असताना ‘ब्लडवर्म’ ह्या शब्दाचे ‘रक्तकृमी’ असे भाषांतर करून आपण मराठीतला एक नेमका भेद पुसून टाकला आहे. विद्यार्थी ‘रक्तकृमी’ हा शब्द वाचतो आणि त्याला वलयी संघात टाकतो. त्याची ही चूक भाषांतरकाराने त्याच्यासाठी आधीच करून ठेवलेली असते. ‘लाल अळी’ एवढे साधे नाव दिले असते, तर वर्गीकरणाची पहिली पायरी नावातच चढली गेली असती.

४. रंग ही ओळखखूण होऊ शकते काय?

जिवंत खाद्याच्या प्रकरणात ट्यूबिफेक्सचे वर्णन बहुधा पुढील धर्तीवर असते : ‘लाल रंगाचे, धाग्यासारखे, गाळात राहणारे, शेपटी पाण्यात हलविणारे कृमी’. ह्या वर्णनातील प्रत्येक शब्द खरा आहे, पण त्यांपैकी एकही शब्द ट्यूबिफेक्सला इतरांपासून वेगळा काढीत नाही.

लाल रंग श्वसनरंजकामुळे येतो. वलयी कृमींत हे हीमोग्लोबिनच्या गटातील रंजकद्रव्य रक्तद्रवात विरघळलेले असते. प्राणवायू कमी असलेल्या गाळात राहणाऱ्या प्राण्याला त्याचा उपयोग होतो. लिम्नोड्रिलस तेवढाच लाल असतो. कायरोनोमसच्या अळीतही हीमोग्लोबिन असल्याने तीही लाल दिसते. म्हणजे रंगावरून प्राणी कसल्या पाण्यात जगू शकतो ह्याचा काहीसा अंदाज येतो, तो कोण आहे हे कळत नाही.

शेपटी हलविण्याचीही तीच गोष्ट. ही कृमी डोके गाळात खुपसून खालचा गाळ खातात, विष्ठा वर टाकतात आणि शेपटीचा भाग पाण्यात हलवून श्वसन करतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला की शेपट्या अधिक बाहेर येतात. हे वर्तन त्या गटातील अनेक जातींत समान आहे. ‘ट्यूबिफेक्स’ ह्या नावाचा अर्थच ‘नळी करणारा’ असा आहे, परंतु गाळाची नळी करणारा प्रत्येक कृमी ट्यूबिफेक्स नसतो.

ह्याउलट नुसत्या डोळ्यांनी अथवा साध्या भिंगाने पडताळता येतील अशा खऱ्या खुणा पाठ्यमांडणीत क्वचितच सापडतात. लाल अळीला टणक, स्पष्ट डोके असते, डोक्याच्या मागे व शरीराच्या शेवटी आखूड पायांसारख्या जोड्या असतात आणि ती पाण्यात आठाच्या आकड्यासारखे झटके देत पोहते. वलयी कृमीला असे डोके नसते, पाय नसतात, आणि गाळातून काढल्यावर ती एकमेकींत गुंतून गोळा करतात. गोलकृमींना वलये नसतात व दृढरोमही नसतात. मायक्रोवर्म तर दीड-दोन मिलीमीटरच्या आत संपतो. मत्स्यपेटीच्या काचेवरून सरपटत न जाता घसरत गेल्यासारखा जाणारा चपटा प्राणी हा प्लॅनेरिया असतो. तो खाद्य म्हणून आणलेला नसतो, खाद्याबरोबर आलेला असतो. ह्या चार-पाच खुणा सांगितल्या तरी संघाच्या पातळीवरील बहुतेक चुका टळतील.

५. दृढरोमांची साक्ष

वलयी जलकृमींत खरी ओळख दृढरोमांवरून सुरू होते. प्रत्येक खंडावर पाठीकडे दोन व पोटाकडे दोन अशी दृढरोमांची चार जुडगी असतात. त्यांचे आकार निरनिराळे असतात : लांब केसासारखे, टोकाला दोन दात असलेले, दोन दातांच्या मध्ये कंगव्यासारखे बारीक दात असलेले, किंवा एकच साधे टोक असलेले.

ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स ह्या जातीत पाठीकडील पुढच्या जुडग्यांत केसाकृती दृढरोम व त्यांच्यासोबत कंगव्यासारखे दृढरोम असतात. लिम्नोड्रिलस ह्या प्रजातीत केसाकृती दृढरोम नसतात. पाठ आणि पोट दोन्हींकडे दोन दातांचेच दृढरोम दिसतात. एन्किट्रिअसमध्ये दृढरोम साध्या टोकाचे व सरळ असतात आणि शरीर पांढुरके असते. कीटोगॅस्टर ह्या लहान कृमीला पाठीकडे दृढरोमच नसतात. ब्रँकिउरा सॉवर्बाय ह्या जातीला तर सूक्ष्मदर्शीचीही गरज नाही, कारण शरीराच्या मागच्या भागात प्रत्येक खंडावर वर एक व खाली एक असे कल्ल्यांचे धागे असतात आणि पाण्यात ते भिंगाखाली सहज दिसतात. डेरोचे कल्ले शरीराच्या अगदी शेवटी, गुदद्वाराभोवतीच्या खळग्यात बोटांसारखे असतात.

म्हणजे त्या विद्यार्थिनीने योग्य अवयव पाहिला होता. तथापि, येथेच थांबून तिचे उत्तर सर्वस्वी बरोबर होते असे जाहीर करणे हीसुद्धा घाईच ठरेल. केसाकृती दृढरोम हे स्थिर लक्षण नाही. १९८७ मध्ये चॅपमन व ब्रिंकहर्स्ट यांनी दाखवून दिले, की पाण्याच्या परिस्थितीनुसार ह्या कृमींच्या दृढरोमांत बदल घडू शकतो, केस उणे होऊ शकतात. म्हणून केसांच्या अभावावरून लिम्नोड्रिलस असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. निर्णायक पुरावा पक्व कृमीच्या जननेंद्रियांत असतो. ह्या गटात नर जननरंध्रे अकराव्या खंडावर असतात. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी ह्या जातीत तेथे शिश्नाचे लांब, नळीसारखे, टोकाशी टोपीसारखे पसरलेले टणक आवरण दिसते, तर ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्समध्ये ते आखूड व पातळ असते. कृमी अपक्व असेल तर हे आवरणच नसते, आणि दुकानातील नमुन्यात अपक्व कृमी नेहमीच भरपूर असतात.

अशा वेळी जलपरिस्थितीकीच्या अभ्यासकांनी एक प्रामाणिक प्रथा पाडली आहे. ते अशा नमुन्यांची नोंद ‘अपक्व, केसाकृती दृढरोम नसलेले’ किंवा ‘अपक्व, केसाकृती दृढरोम असलेले’ अशी करतात आणि जातीचे नाव देत नाहीत. विद्यार्थिनीचा ‘असावा’ हा शब्द ह्याच प्रथेच्या जवळ जाणारा होता. ज्या शब्दाखाली रेघ ओढली गेली तोच तिच्या उत्तरातील सर्वांत शास्त्रीय शब्द होता.

६. संदर्भग्रंथ आणि पाठ्यमांडणी यांतील अंतर

‘आपल्याकडे साहित्यच उपलब्ध नाही’ असा बचाव ह्या बाबतीत करता येत नाही. ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स ह्या जातीचे वर्णन म्युलर यांनी १७७४ मध्ये केले. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी ही जाती क्लापारेड यांनी १८६२ मध्ये वर्णिली. ब्रँकिउरा सॉवर्बायचे वर्णन बेडर्ड यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील वनस्पती-उद्यानातील एका उबदार हौदात सापडलेल्या नमुन्यांवरून केले. ही जाती मूळची उष्ण आशियातील असावी असे मानले जाते. भारतापुरते बोलायचे तर लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात अध्यापन केलेल्या जे. स्टीफनसन यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील ऑलिगोकीटा खंड १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये ब्रिंकहर्स्ट व जेमीसन यांनी जगातील जलवासी ऑलिगोकीटांवर बृहद्ग्रंथ सिद्ध केला. आणि २००५ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने के. व्ही. नायडू यांचा भारत व शेजारी देशांतील जलवासी ऑलिगोकीटांवरील ग्रंथ प्रकाशित केला.

स्टीफनसन यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. वर्गात शिकविणारा एक प्राध्यापक ह्या विषयात एवढे मूलभूत काम करू शकला. त्याच प्राण्यांविषयी शंभर वर्षांनंतरची प्रात्यक्षिक पुस्तिका चार ओळींच्या वर जात नाही, ही गोष्ट आपल्या अध्यापनव्यवस्थेविषयी काही सांगून जाते.

मात्र ह्या ग्रंथांच्याही मर्यादा आहेत. ते वर्गीकरणतज्ज्ञांसाठी लिहिले आहेत. त्यांतील किल्ल्या पक्व नमुन्यावर व अंतर्गत जननेंद्रियांवर अवलंबून असल्याने पदवीच्या विद्यार्थ्याला त्या थेट वापरता येत नाहीत. दुसऱ्या बाजूने, मत्स्यसंवर्धनाच्या साहित्यात ओळखीला जागा नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली, लॅव्हेन्स व सॉर्गेलूस यांनी संपादित केलेली जिवंत खाद्यावरील पुस्तिका ह्या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. तीत सूक्ष्मशैवाल, रोटिफर, आर्टेमिया, डॅफ्नियासारखे प्राणी यांवर विस्ताराने लिहिले आहे, गोलकृमींनाही स्थान आहे, पण ऑलिगोकीटांना स्वतंत्र प्रकरण नाही. परिणामी वर्गीकरणग्रंथ प्रयोगशाळेपर्यंत उतरत नाही आणि संवर्धनपुस्तिका ओळखीपर्यंत चढत नाही. मधली रिकामी जागा दुकानातील नावाने भरून काढली आहे.

वर्गीकरणही स्थिर राहिलेले नाही. २००८ मध्ये एर्सेउस व सहकाऱ्यांनी ट्यूबिफिसिडी हे कुल नायडिडी ह्या कुलात समाविष्ट असल्याचे मांडले. त्यानुसार ट्यूबिफेक्स व लिम्नोड्रिलस आता ट्यूबिफिसिनी ह्या उपकुलात येतात. पुस्तिकांत जुने कुलनाम चालू आहे. परंतु हा दोष तुलनेने किरकोळ मानावा लागेल. कुलाचे नाव जुने असणे वेगळे आणि प्राणीच न पाहता नाव देणे वेगळे.

७. ओळख चुकल्याने काय बिघडते?

ह्या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. माशाला खाद्य हवे असते, शास्त्रीय नाव नको असते. ट्यूबिफेक्स काय अन् लिम्नोड्रिलस काय, दोन्हींत प्रथिने विपुल असतात, दोन्ही मासे आवडीने खातात. मग मत्स्यपालकाने सूक्ष्मदर्शी घेऊन का बसावे? आक्षेप अर्धा खरा आहे. रोजच्या खाद्यासाठी जातीपर्यंत जाण्याची गरज नाही. परंतु पुढील तीन बाबतींत ओळखीला व्यावहारिक मोल आहे.

पहिली बाब रोगाची. सॅल्मन-ट्राउट गटातील माशांना होणाऱ्या ‘व्हर्लिंग’ रोगाचा कारक मिक्झोबोलस सेरेब्रॅलिस हा परजीवी आहे. त्याच्या जीवनचक्रात ट्यूबिफिसिड कृमी हा आवश्यक पोशिंदा असल्याचे मार्किव व वुल्फ यांनी १९८३-८४ च्या सुमारास सिद्ध केले. हा पोशिंदा ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स हाच आहे, लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरीत हा परजीवी वाढत नाही. पुढील जनुकीय अभ्यासांत असेही दिसले, की ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स ह्या एका नावाखाली अनेक आनुवंशिक वंशरेषा आहेत आणि त्या सर्व ह्या परजीवीला सारख्या बळी पडत नाहीत. ट्राउट हा महाराष्ट्राचा मासा नाही, हे मान्य. परंतु सायप्रिनस आपल्या तळ्यांत सर्वत्र आहे, आणि त्याला रोग करणाऱ्या थेलोहॅनेलस होव्होर्काय ह्या परजीवीचा पोशिंदा ब्रँकिउरा सॉवर्बाय असल्याचे १९९० च्या दशकातील अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. कोणता कृमी कोणत्या माशाला द्यावा, ह्या प्रश्नाचे उत्तर ‘ट्यूबिफेक्स’ ह्या सरसकट नावाने देता येत नाही, हे ह्या दोन उदाहरणांवरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

दुसरी बाब हाताळणाऱ्या माणसाची. कायरोनोमस गटातील कीटकांचे हीमोग्लोबिन माणसात ॲलर्जी निर्माण करू शकते. सुदानमध्ये नाईलकाठच्या लोकांना अशा कीटकांच्या थव्यांमुळे होणारा दम्याचा त्रास वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे, आणि वाळवलेल्या लाल अळ्या हाताळणाऱ्यांनाही असा त्रास होतो. प्रयोगशाळा परिचराला शिंका, डोळ्यांची खाज सुरू झाली तर त्याचे कारण शोधण्यासाठी डब्यात कृमी आहेत की अळ्या, हे आधी माहीत असावे लागते.

तिसरी बाब स्रोताची. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी व ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स ह्या दोन्ही जाती सेंद्रिय प्रदूषणाच्या निर्देशक म्हणून जगभर ओळखल्या जातात. त्या दाट संख्येने जेथे सापडतात तेथील पाणी सांडपाण्याचे असण्याची शक्यता मोठी असते. वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवल्याने आतड्यातील गाळ रिता होतो, परंतु शरीरात साठलेले जड धातू तेवढ्याने जातील अशी खात्री देता येत नाही. जो विद्यार्थी पर्यावरणशास्त्राच्या तासाला ह्याच कृमींना ‘प्रदूषणाचे निर्देशक’ म्हणून शिकतो आणि मत्स्यशास्त्राच्या तासाला ‘उत्तम जिवंत खाद्य’ म्हणून शिकतो, त्याला हे दोन्ही एकच प्राणी आहेत हे कोणी सांगत नाही. विषयांच्या ह्या कप्पेबंदीचा दोषही ओळखीच्या उदासीनतेशीच जोडलेला आहे. तसेच नाल्याच्या गाळात उतरून हे कृमी गोळा करणारा मजूर आपल्या कोणत्याच पुस्तिकेत दिसत नाही, ह्याचीही येथे नोंद केली पाहिजे.

८. पर्यायी मांडणी

टीका करून थांबणे योग्य नव्हे. सामान्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पुढील त्रिस्तरीय पद्धत अवलंबिता येईल असे वाटते.

पहिला स्तर संघाचा. नमुना पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात सोडून डोळ्यांनी व भिंगाने पाहावा. डोके व पाय आहेत काय, वलये आहेत काय, शरीर गोल आहे की चपटे, हालचाल कशी आहे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विद्यार्थ्याने लिहावीत. ‘कृमी’, ‘अळी’, ‘गोलकृमी’, ‘चपटा कृमी’ ह्यांपैकी एक शब्द त्याने कारणासह निवडावा.

दुसरा स्तर गटाचा वा प्रजातीचा. कृमी सोडावॉटरने अथवा सौम्य मद्यार्काने शिथिल करून काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात, कव्हरस्लिपखाली हलकेच दाबून पाहावा. लॅक्टोफिनॉल वापरल्यास शरीर पारदर्शक होऊन दृढरोम अधिक स्पष्ट दिसतात. चारशेपट वर्धन पुरेसे आहे. पाठीकडील व पोटाकडील जुडग्यांतील दृढरोमांची आकृती विद्यार्थ्याने स्वतः पाहून काढावी. पुस्तकातील आकृती उतरवून काढल्यास तिला गुण नसावेत.

तिसरा स्तर जातीचा. हा ऐच्छिक ठेवावा. अकराव्या खंडाच्या परिसरात जाड पट्टा दिसणारा पक्व कृमी मिळाला तरच जातीचे नाव लिहावे. अन्यथा ‘ट्यूबिफिसिनी, अपक्व, केसाकृती दृढरोम नसलेला’ ह्या स्वरूपाची नोंद पूर्ण व बरोबर उत्तर म्हणून स्वीकारावी.

ह्या पद्धतीस नवीन उपकरण लागत नाही. लागतो तो वेळ, आणि उत्तरसूचीत एकाऐवजी दोन-तीन उत्तरे लिहिण्याची तयारी. नमुना परीक्षेपूर्वी शिक्षकाने स्वतः तपासून ठेवावा, ही अट मात्र सर्वांत आधी पाळावी लागेल.

९. समारोप

जिवंत मत्स्यखाद्याचे प्रकरण अभ्यासक्रमात लहान आहे. त्याला दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ मिळत नाही व मिळावा असेही नाही. पण लहान प्रकरणातच सवयी लागतात. दुकानदाराने दिलेले नाव शिक्षकाने घेतले, शिक्षकाने पुस्तिकेत लिहिले, पुस्तिकेवरून उत्तरसूची झाली आणि उत्तरसूचीने निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थिनीला चूक ठरविले. ह्या साखळीत कोणीही जाणूनबुजून अपराध केलेला नाही. प्रत्येकाने फक्त आधीच्यावर विश्वास ठेवला. शास्त्राच्या अध्यापनात हाच विश्वास तपासण्याची जबाबदारी शिक्षकाची असते.

सारांशाने म्हणायचे तर, ‘ट्यूबिफेक्स’ हे व्यापारी नाव म्हणून चालू राहण्यास हरकत नाही. शास्त्रीय नाव म्हणून ते लिहिण्यापूर्वी दृढरोम पाहिले पाहिजेत. ‘ब्लडवर्म’ला मराठीत अळीच म्हटले पाहिजे. आणि जेथे नमुना पुरेसा पुरावा देत नाही तेथे ‘असावा’ हा शब्द लिहिण्याची मुभा विद्यार्थ्याला असली पाहिजे. त्या परीक्षेतील कापलेले गुण परत देता येण्यासारखे नव्हते. पुढील वर्षापासून आमच्या विभागाच्या उत्तरसूचीत नमुन्याच्या नावापुढे एक रिकामी ओळ सोडलेली असते आणि परीक्षकाने ती नमुना सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्यानंतरच भरावयाची असते. एवढी दुरुस्ती प्रत्येक विभागाला करता येण्यासारखी आहे.